नाव न घ्यायचं औषध

बुधवारी सकाळी झुलाल आबा ओट्यावर बसून माळा ओवत होते, तेव्हा इसाकचा फोन आला.

आबांचं गाव एरंडोलपासून दोन कोसांवर. गाव लहान, पण आबांचं नाव पारोळ्यापासून धरणगावपर्यंत पोचलेलं. डोळे पिवळे दिसले की माणसं डॉक्टरच्या आधी आबांच्या ओट्यावर यायची. रविवारी आणि बुधवारी, दिवस उगवायच्या आत, उपाशी पोटी. आबा पितळी वाटीतून हिरवा रस पाजायचे आणि गळ्यात ओल्या काड्यांची माळ बांधायचे. पहिल्या दिवशी ती गळ्याला अगदी बसती असायची. मग रोज थोडी थोडी लांबायची. छातीवर आली, बेंबीला लागली, की कावीळ उतरली म्हणून समजायचं. चाळीस वर्षं हे चाललं होतं. आबांनी कुणाच्या घरचा चहादेखील घेतला नव्हता. अट एकच होती. औषध कसलं ते विचारायचं नाही आणि कावीळ उतरेपर्यंत ते घेतलं हे कुठं बोलायचं नाही. बोललं की गुण जातो, असं त्यांना शिकवणाऱ्या मोतीलालबाबांनी सांगितलं होतं. मोतीलालबाबा पद्मालयाच्या रानात गुरं राखायचे. त्यांनी पाला दाखवला, शपथ घातली आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

"बोल इसाक," आबा म्हणाले. "पोर कशी शे?"

इसाक मिस्तरी एरंडोलला पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायचा. आबांच्या विहिरीवरची मोटार त्यानं तीनदा भरली होती. त्याची मुलगी अफरीन बी.एड.ला होती. तिला कावीळ झाली तेव्हा तो तिला मोटरसायकलवर बसवून सरळ आबांकडे घेऊन आला होता. त्याला आता सतरा दिवस झाले होते.

"धुळ्याला आणलंय, भाऊ. परवापासून मोठ्या दवाखान्यात आहे." इसाकचा आवाज फाटला होता. "ती हमीदाला ओळखत नाही. स्वतःच्या अम्मीला विचारते, तुम्ही कोण?"

"आणि माळ?"

प्रश्न तोंडातून निघून गेला आणि आबांना स्वतःचीच किळस आली.

"माळ तर कमरेपर्यंत आली होती! म्हणून तर थांबलो ना आम्ही. हमीदा रोज मोजायची. आज चार बोटं लांबली, आज पाच. पोरगी उलट्या करायची, पडून राहायची, पण माळ लांबत होती. आम्हाला वाटलं, आज उतरेल, उद्या उतरेल." इसाक थांबला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "डॉक्टरीण तीन वेळा विचारून गेली, गावठी औषध काही दिलं का. मी नाही म्हणालो. तुमच्यासमोर कसम खाल्ली होती ना! तुम्ही फिकीर करू नका, भाऊ. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

फोन बंद झाला तरी आबा तो कानाला धरून बसले. त्याच्या बोलण्यात रागाचा एक शब्द नव्हता, हेच त्यांना सोसवेना.

मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे सगळं त्यांनी ऐकलं होतं. पाला वाटायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे जे गावाला माहीत नव्हतं ते त्यांना माहीत होतं.

"मी तुमले तवयच सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या. "हाऊ पाला तो नही."

आबांनी मान खाली घातली.

मोतीलालबाबांनी दाखवलेली ती भुईआवळी. वीतभर उंचीचं झुडूप, चिंचेसारखी बारीक पानं आणि पानाच्या पोटाखाली दाण्यांची ओळ. एके काळी प्रत्येक बांधावर, केळीच्या प्रत्येक वाफ्यात उगवायची. मग तणनाशकाच्या फवारण्या सुरू झाल्या. चार वर्षांपूर्वी एका रविवारी आबा तीन शिवारं फिरले आणि त्यांना एक काडी मिळाली नाही. ओट्यावर अकरा माणसं बसली होती. नाल्याच्या कडेला तसंच दिसणारं दुसरं झुडूप होतं. पानं तशीच होती, पानाखाली दाणे मात्र नव्हते. आबांनी ते उपटलं. आलेल्या माणसाला औषध नाही म्हणून माघारी कसं धाडायचं? चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. काही दिवसांत ती अकराही माणसं बरी झाली, तेव्हा आबांचा जीव भांड्यात पडला. पुढं कधी भुईआवळी सापडायची, कधी नाही. मग त्यांनी शोधणंच सोडलं.

"आते काय बसी राहिनात?" मंजुळाबाई म्हणाल्या. "जा धुळ्याले. त्या लेकरानं तुमना करता तोंड बंद ठेयेल शे."

इसाक पंचावन्न वर्षांचा होता, पण मंजुळाबाईंना तो लेकरूच.

आबा नाल्यावर गेले, झुडपाची एक फांदी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि फाट्यावर येऊन बसमध्ये चढले.

बसमध्ये पितांबर भेटला. शेजारच्या गावचा, तोंडाचा सैल माणूस. आबांना पाहताच तो उठला आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बसा आबा, बसा! अरे, ह्या माणसानं माझा नातू वाचवला. डॉक्टर जळगावला न्या म्हणत होता. आबांनी दोन वाट्यांत उभा केला." मग पिशवीकडे बघत त्यानं डोळा मिचकावला. "कुठं, धुळ्याला? मोठ्या दवाखान्यातसुद्धा आता आबाच लागतात वाटतं!"

दोन बाया वळून आबांच्या पाया पडल्या. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. पारोळा गेलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, इसाक बाकावर बसला होता. आबांना बघून तो दचकून उठला आणि त्यांचा दंड धरून त्यांना जिन्याच्या आडोशाला घेऊन गेला.

"तुम्ही कशाला आले, भाऊ? कोणी ओळखलं तर? इथं एरंडोलची दोन माणसं भरती आहेत."

तो आबांना लपवत होता. ज्याची पोरगी आत पडली होती तोच माणूस, आबांच्या नावाला डाग लागू नये म्हणून आडवा उभा राहिला होता.

हमीदा तसबीहची जपमाळ हातात घेऊन जिन्याजवळ आली. रडून रडून तिचे डोळे बारीक झाले होते. तिची नजर पिशवीवर गेली आणि चेहरा एकदम उजळला.

"आबा, औषध आणलं ना? मला माहीत होतं तुम्ही याल. द्या माझ्याकडे. दुपारी नर्स बदलतात, तेव्हा पाजते. कुणाला दिसणार नाही."

"नको," आबा म्हणाले. त्यांनी पिशवी पाठीमागं धरली.

तेवढ्यात डॉक्टर दीपमाला बोरसे बाहेर आल्या. वय चाळिशीचं, साक्रीकडच्या. इसाकला आणि हमीदाला त्यांनी बाकावर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या. आबा गावाकडचे कुणी वडीलधारे असतील असं समजून त्यांनी त्यांनाही बसा म्हटलं.

"कालच्यापेक्षा आज रिपोर्ट वाईट आहेत," त्या म्हणाल्या. "यकृत म्हणजे लिव्हर. रक्तातलं विष गाळायचं काम ते करतं. अफरीनचं जवळजवळ बंद पडलंय. ते विष डोक्यात चढलंय, म्हणून ती तुम्हाला ओळखत नाही. दुसरं यकृत बसवायचं तर मिळायला हवं, आणि तेवढा वेळ नाही. पण एक गोष्ट आहे. ती नीट ऐका. कळलं नाही तर मधेच थांबवा."

त्या सावकाश सांगत गेल्या. माणसाच्या शरीरात मूळ पेशी असतात. बी कसं, त्याचं अजून पान ठरलेलं नसतं, खोड ठरलेलं नसतं, तशा त्या पेशी. प्रयोगशाळेत रक्तातल्या साध्या पेशीसुद्धा मागं नेऊन तशा करता येतात, आणि मग त्यांना योग्य खुराक दिला की त्यांच्यापासून यकृताच्या पेशी वाढतात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तशा वाढवून गोठवून ठेवल्या आहेत. त्या पेशी मऊ मण्यांत भरलेल्या असतात, भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या. ते मणी नळीनं पोटात सोडायचे. आठ-दहा दिवस ते यकृताचं काम उसनं करतील. तेवढ्या विसाव्यात तिचं स्वतःचं यकृत पुन्हा वाढू शकतं.

"पुन्हा वाढतं?" हमीदानं विचारलं.

"यकृत वाढतं, ताई. शरीरातला तो असा एकच मोठा अवयव आहे. साधी कावीळ शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांची आपोआप बरी होते, औषध घ्या नाहीतर नका घेऊ. यकृत स्वतःच स्वतःला सावरतं."

आबांच्या कानात ते वाक्य तापलेल्या सळीसारखं गेलं. नव्वदांहून जास्त. आपोआप. चाळीस वर्षं ओट्यावर पाया पडून घेतलं ते कुणाचं होतं?

"पण हे अजून चाचणीतलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचे नियम कडक आहेत. यकृत कशानं बिघडलं हे कळायला हवं आणि ते कारण थांबलेलं हवं. तरच चाचणीत नाव बसतं. जन्मजात दोष असेल तर या पेशींचा उपयोग नाही, वेळ फुकट जाईल. मणी आज सांगितले तर उद्या येतील. म्हणून चौथ्यांदा विचारते. पोरीला काही दिलं होतं का? पाला, मुळी, भस्म, काहीही?"

इसाकनं भिंतीकडे पाहिलं. "नाही, मॅडम."

"मी दिलं," आबा म्हणाले.

इसाक गर्रकन वळला. हमीदाच्या हातातली तसबीह थांबली.

"भाऊ!" इसाक म्हणाला. "गुण जाईल!"

"मी कावीळ उतरवतो," आबा डॉक्टरांना म्हणाले. "तिला तीन वेळा रस दिला. भुईआवळीचा."

मोतीलालबाबांची शपथ मोडली होती. आबांना वाटलं, झालं, एवढंच अवघड होतं. नाव घेतलं, जबाबदारी घेतली. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलंही. पण डॉक्टर कपाळाला आठी घालून विचार करत होत्या.

"भुईआवळी मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी आजी द्यायची. तिनं सहसा एवढं होत नाही, तेही तीन वाट्यांत. नक्की भुईआवळीच?"

"हो."

"मग कारण दुसरं असणार. शरीरात तांबं साठण्याचा एक जन्मजात दोष असतो. त्याची तपासणी पाठवली आहे, रिपोर्ट परवा येईल. तोवर थांबावं लागेल." त्यांनी श्वास सोडला. "थांबण्याइतका वेळ आहे असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

त्या उठल्या. इसाकनं आबांचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला माहीत होतं, भाऊ. तुमच्या औषधानं असं होणारच नाही. नशीब आमचं."

आबांनी त्या हातांकडे पाहिलं. काळी नखं, तांब्याच्या तारेनं कापलेली बोटं. डॉक्टर दारापर्यंत पोचल्या होत्या. आबा आता नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं. परवा रिपोर्ट येईल, नाहीतर त्याआधीच सगळं संपेल, आणि आयुष्यभर इसाक म्हणत राहील, नशीब आमचं.

"मॅडम, थांबा," आबा म्हणाले. "ती भुईआवळी नव्हती."

त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि बाकावर उलगडलं. फांदी कोमेजली होती. त्यांनी एक पान उलटं केलं.

"भुईआवळीला इथं दाणे असतात. ह्याला नाहीत. मला माहीत होतं. चार वर्षांपासून माहीत आहे. खरी मिळेना म्हणून हीच देत होतो. हिचं नावसुद्धा मला माहीत नाही." इसाकचा हात त्यांच्या हातावरून निघालेला त्यांना जाणवला. पण एकदा बोलायला लागल्यावर ते थांबले नाहीत. "आणि माळेत काही नसतं. काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. एकदा एक माळ खुंटीवर राहिली होती. ती खुंटीवरसुद्धा लांबली. तेही मी कुणाला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी फांदीचा फोटो काढला आणि फोन लावत आत गेल्या.

बाकावर तिघंच उरले. हमीदा आबांकडे बघत होती, जणू कुणीतरी अनोळखी माणूस येऊन बसला आहे. मग इसाक बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जळालेली मोटार माझ्याकडे येते," तो म्हणाला. "तांब्याची तार संपली असली तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, भाऊ, तार नाही, सोमवारी या. ते शिव्या देतात. दुसऱ्याकडे जातात. पण मी तांब्याच्या नावावर दुसरी तार भरून देत नाही, झुलालभाऊ. आणि ती मोटार असते."



पुढच्या गोष्टी झपाट्यानं झाल्या. धुळ्याच्या एका महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे सर तासाभरात आले. त्यांनी फांदी पाहिली, लांबलचक नाव सांगितलं, यकृताला घातक आहे म्हणाले. किती पाला, किती पाणी, उकळून की कच्चा, कोणत्या दिवशी, सगळं आबांना विचारून लिहून घेतलं. आबांनी न अडखळता सांगितलं. जे मंजुळाबाईंशिवाय कुणाला माहीत नव्हतं ते आता तीन प्रतींत टाइप होऊन निघालं आणि खाली आबांनी सही केली. अफरीनचं नाव बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून पेटी आली आणि मणी तिच्या पोटात सोडले.

आबा गावी परतले नाहीत. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसून राहायचे. इसाक जाता-येता त्यांच्या समोरून जायचा, बोलायचा नाही. हमीदानं एकदा भाकरी पाठवली, स्वतः आली नाही. चौथ्या दिवशी अफरीननं पाणी मागितलं. सहाव्या दिवशी तिनं आईला ओळखलं आणि परीक्षेचा फॉर्म कुणी भरला का, म्हणून विचारलं.

आठव्या दिवशी डॉक्टर दीपमाला झाडाखाली आल्या.

"धोका टळला असं वाटतंय," त्या म्हणाल्या.

आबांनी हात जोडले. "तुमच्या मण्यांनी वाचवलं."

"तसं म्हणता येणार नाही."

"म्हणजे?"

"मणी तिला आधार देत होते हे खरं. पण तिचं यकृत त्यांच्यामुळे सावरलं की आपण होऊन सावरलं, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही. असे पुष्कळ पेशंट व्हायला लागतील. तेव्हा कळेल."

"तुम्ही हे लोकांना सांगता?"

"लिहूनच ठेवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "का?"

आबांच्या मनात आलं, ह्या बाईनं रक्तातून उगवलेलं यकृत पोरीच्या पोटात सोडलं होतं आणि ती म्हणत होती, मला माहीत नाही. आणि आपण वाळलेल्या काड्यांवर चाळीस वर्षं पाया पडून घेतलं. इसाकसमोर फांदी उलगडतानासुद्धा त्यांना एवढी लाज वाटली नव्हती.

शनिवारी ते गावी आले. रविवारी दिवस उगवायच्या आत मंजुळाबाईंनी त्यांना हलवून उठवलं. "दखा," त्या म्हणाल्या.

ओट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत माणसं बसली होती. पन्नास तरी असतील, एवढी कधीच आली नव्हती. सगळ्यांत पुढं पितांबर उभा होता, हात उंचावून सांगत होता, "धुळ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. मग आबांना फोन करून बोलावलं. पिशवीत औषध होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! पोरगी उठून बसली."

"पितांबर, गप्प बस," आबा म्हणाले. ते ओट्यावर उभे राहिले. "ऐका. त्या पोरीला मीच आजारी पाडलं. मी खोटा पाला देत होतो. डॉक्टरांनी तिला वाचवलं. कावीळ मी उतरवत नाही, ती बहुतेकांची आपली आपणच उतरते, आणि ज्यांची उतरत नाही त्यांनी दवाखान्यात जायला पाहिजे. आजपासून औषध बंद."

मग पितांबर हसला. "मोठा माणूस असाच बोलतो! स्वतःकडं काही घेत नाही." माणसांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "शहरवाल्यांनी आबांवर दाब आणला असंल." आबा पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि ते जितकं सांगत तितकी माणसं जास्त आदरानं ऐकत.

मग भिकुबाई उठली. शेजारच्या वस्तीवरची विधवा. पिवळ्या डोळ्यांच्या सुनेला ती हाताला धरून घेऊन आली होती.

"आबा, ह्या टाईमले मी पहिलेच दिन लई वनू," ती म्हणाली. "दोन वरीस पहिले आमना मालकले लई वनू व्हतू. त्या गयात. तुम्ही म्हणेल व्हतात, उशीर व्हयना. म्हणीसन ह्या टाईमले मी उशीर नही करा."

आबांना दोन वर्षांपूर्वी गेलेला तिचा नवरा आठवला. उंच, मिशाळ. तेरा दिवस माळ गळ्यात घेऊन होता.

भिकुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या कपाळावर हळूहळू आठी चढली. गर्दीत तिनं एकटीनंच आबांचं बोलणं ऐकलं होतं.

"आबा," ती म्हणाली. "तवय कोणता पाला व्हता?"

पितांबरचं हसणं थांबलं.

"हाऊच," आबा म्हणाले. "उशीर नव्हता झाला, बाई. मी खोटं बोललो."

भिकुबाईनं सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिला घेऊन ती फाट्याकडे निघाली. आबा ओट्यावरून उतरले आणि अनवाणीच त्यांच्या मागं चालायला लागले.

दहा-बारा पावलं गेल्यावर ती वळली.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली.

आबा होते तिथंच, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागं पन्नास माणसं होती आणि त्यांतलं कुणीही आता काही म्हणत नव्हतं. फाट्यावर एरंडोलची बस आली, दोघींना घेऊन गेली, तिची धूळही खाली बसली. तरी त्यांना मागं वळून बघायचा धीर झाला नाही.